घराची पाठराखीण

ठकूआक्का कुणाच्याही रिकाम्या घरात शिरली की आधी खिळा शोधायची. घराची दिशा, खोल्या, पाण्याची टाकी हे सगळं नंतर. कंबरेवर हात ठेवून ती दारातच उभी राहायची, चारी भिंतींवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "एकबी खिळा नाय? मग हितं ऱ्हात व्हतं कोण?" खिळा नसलाच तर पिशवीतून स्वतःचा काढायची, खलबत्त्यातल्या बत्त्याने दाणदाण ठोकायची आणि त्यावर कॅलेंडर टांगायची. कॅलेंडरवर महिना मात्र चालूच हवा. मागचा महिना लटकत असला की घर बंद पडलंय असं वाटतं, हे तिचं म्हणणं.

तिचा धंदा घरं विकून देण्याचा. आमच्या ओतूरपासून आळेफाटा, नारायणगावापर्यंत तिला सगळे ओळखत. हा धंदा करणारे दुसरेही होते. त्यांच्याकडे मोटरसायकली होत्या, छापलेली कार्डं होती, मोबाइलमध्ये घरांचे फोटो होते. हिच्याकडे महादूचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा टेम्पो होता आणि त्या टेम्पोत एक आख्खा संसार होता. काथ्याने विणलेली बाज, काळी घोंगडी, तांब्याचा हंडा, कळश्या, गॅसची छोटी शेगडी, चहाचं पातेलं, केरसुणी, तेलाच्या डब्यात लावलेली तुळस आणि फडक्यात गुंडाळलेले बल्ब. घर दाखवायचं ठरलं की आदल्या दिवशी हे सगळं त्या घरात उतरायचं.

बाई उंच, हाडापेराने मोठी, नऊवारी नेसणारी. मोबाइल ओच्यात. तो वाजला की दोन्ही हातांनी कानाला लावून "बोला!" असं म्हणायची की पलीकडच्याने काय बोलायचं ते विसरून जावं.

माझी तिची ओळख झाली ती आमच्या घरापायी. मी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणून तिच्या लेखी मी मास्तर. आई-वडील गेल्यावर आम्ही तिघा भावांनी ओतुरातलं त्यांचं घर विकायचं ठरवलं. घर चांगलं होतं, रस्त्याला होतं, पण विकलं जाईना. लोक यायचे, पुढच्या खोलीत दोन मिनिटं उभे राहायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. दादाने वास्तुशास्त्रवाला आणला. त्याने स्वयंपाकघराचं दार हलवायला लावलं. दार हललं, गिऱ्हाईक काही हललं नाही. शेवटी कुणीतरी ठकूआक्काचं नाव सुचवलं.

ती आली आणि पुढच्या खोलीतच थबकली. तिथे आमचे आजोबा, आजी, काका, वडील, आई अशी सगळी मंडळी चंदनाचे हार घालून ओळीने लावलेली होती. प्रत्येकाच्या वर लाल बल्ब.

"मास्तर, ही समदी तुमचीच?"

"आमचीच की."

"तरीच. घर बघाया आलेल्याकडं ही समदी टक लावून बघत्यात. त्याला वाटत आसंल, पुढचा नंबर आपला."

दादा भडकला. आई-बापाचे फोटो उतरवायला सांगणारी ही कोण, असं त्याचं झालं. ठकूआक्का मुळीच रागावली नाही. "उतरवून फेका म्हनलं का मी? घरी न्या. आई-बापाला इकायच्या घरात ठिवत्यात व्हय?" त्या दिवशी संध्याकाळी दादाने स्वतःच्या हाताने एकेक फोटो धोतरात गुंडाळून नेला.

मग तिने आतल्या खोल्यांकडे मोर्चा वळवला. मोडके पंखे, वडिलांचा रेडिओ, लग्नाकार्यात आलेले आणि कधीच न वापरलेले स्टीलचे डबे, एकावर एक रचलेल्या गाद्या. "ह्यात घर कुठं हाय? मला नुसतं सामानच दिसतंय," असं म्हणत तिने आम्हा तिघांना दोन दिवस हमालासारखं राबवलं. सगळं बाहेर गेल्यावर महादूचा टेम्पो दाराशी लागला आणि तिचं सामान आत येऊ लागलं. मला राहवेना.

"आक्का, आमचं काढून तुमचंच भरायचं, तर मग फरक काय पडला?"

"तुमच्या सामानात तुमी बसलाय मास्तर. माझ्या सामानात कुणीबी बसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर दारात सडा घातलेला, तुळस उन्हाला ठेवलेली, मागच्या दोरीवर तिची धुतलेली लुगडी वाळत होती. का, तर मागच्या अंगणात ऊन येतं हे सांगावं लागू नये. आणि शेगडीवर चहा उकळत होता. आई गेल्यापासून त्या घरात चहाचा वास आला नव्हता. मी तसाच मागे फिरलो आणि ओसरीवर जाऊन बसलो, कारण डोळे भरून आले होते.

घोडेगावकडची एक नर्स आणि तिचा नवरा घर बघायला आले. ठकूआक्काने त्यांना घर दाखवलंच नाही, आधी बाजेवर बसवलं. हा तिचा नियम होता. उभा माणूस भिंती मोजतो, बसला की त्याला घर दिसायला लागतं, असं ती म्हणे. ती दोघं बसली, चहा प्याली. नर्सबाई हंड्यावर पडलेल्या उन्हाकडे बराच वेळ बघत राहिली. महिन्याभरात घर त्यांचं झालं.

हे सगळं तुम्ही शिकलात कुठे, असं मी तिला पुढे कधीतरी विचारलं. ती हसली. "शिकायचं काय त्यात? माझ्या आयनं रोज घर मांडलंय."

तिचं लहानपण मेंढरांमागे गेलेलं. दिवाळी झाली की सगळा कबिला घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचा. संसार घोड्याच्या पाठीवर. दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी रानात मुक्काम पडायचा. आई घोड्यावरून उतरवलेली खुंटी आधी ठोकायची, मग तीन दगडांची चूल, मग हंडा, मग घोंगडी. ठकूआक्का सांगायची, "येवढं झालं की आमी पोरं म्हनायचो, चला घरी. सकाळी जाऊन बघाल तर त्या जागी नुसती ढेकळं." आई दोन धोंडे ठेवून दारही करायची. पोरांनी त्या दोन धोंड्यांमधूनच यायचं. भलतीकडून कुणी शिरलं की पाठीत काठी बसायची. कुत्रंसुद्धा त्या दारानेच यायचं, असं ती शपथेवर सांगे. आता कुत्र्याचं मला माहीत नाही, पण काठी बसत असणार.

धंद्यात ती पडली तीही अशीच. मेंढपाळाच्या घरात लग्न होऊन आली, पोरं शिकावीत म्हणून ओतुरात खोली घेऊन राहिली, बाजारच्या दिवशी घोंगड्या विकू लागली. पावसापाण्याला आडोसा म्हणून एका बंद घराच्या ओसरीवर बसायला तिने मालकाची परवानगी घेतली. ते घर कैक वर्षं विकलं जात नव्हतं. ही तिथे शेगडी पेटवायची, हंडा भरून ठेवायची, ओसरी सारवायची. एकदा कुणी घोंगडी घ्यायला आला आणि ओसरीवर बसून त्याने विचारलं, हे घर विकायचं आहे का? घोंगडी राहिली बाजूला, घर गेलं. ठकूआक्काने त्या दिवशी कानाला खडा लावला की रिकामं घर कुणाला दाखवायचं नाही.

ती लबाडी करते, सामान मांडून लोकांना भुलवते, असं बाकीचे दलाल म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. कारण चहा पिऊन झाला की ती गिऱ्हाइकाला पहिल्यांदा घेऊन जायची ती जिथे छप्पर गळतं तिथे. घरमालक डोळे वटारायचे. "पावसात कळंलच की," ती म्हणायची, "तवा माझ्या दारात येऊन बसंल. त्यापरीस आत्ता हितं बसू दे." उसाच्या कडेला एक टुमदार घर होतं. पुण्याचं जोडपं बघायला आलं. बाईंनी विचारलं, इकडे बिबट्या येतो का हो? दुसरा कुणी असता तर "छे हो, ते तिकडं लांब" म्हणाला असता. ही म्हणाली, "येतो की. पर दार वाजवत न्हाई. सांजच्याला भायेरचा दिवा लावायचा अन् कुत्रं आत घ्यायचं." जोडपं घाईघाईने गाडीत बसून गेलं. पुढच्या आठवड्यात परत आलं आणि घर घेऊन गेलं.

तिचं सगळंच साधायचं असं नाही. हट्टी होती, तोंडाने फटकळ होती. नारायणगावच्या एका निवृत्त साहेबांच्या घरात मोठा सोफासेट होता, त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टण अजून काढलेलं नव्हतं, आणि भिंतभर शोकेसमध्ये बाहुल्या न् ढाली. हिने ते हलवायला सांगितलं. साहेब हलवेनात. दोघांची जुंपली आणि ही सामान घेऊन ताडताड निघून आली. साहेबांनी ते घर स्वतःच, सोफ्यासकट, एका कांद्याच्या व्यापाऱ्याला विकलं, तेही चटकन. मी मुद्दाम तिला ती बातमी दिली. "त्यानं घर घेतलंच न्हाई, सोफा घेतला," ती म्हणाली, "घर गेलं त्याच्यासंगं फुकाट." हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मंचरच्या कुटुंबाची गोष्ट आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. दोन भाऊ आणि त्यांची म्हातारी आई यांनी घर पाहिलं, पसंत केलं, कागद झाले. ठकूआक्काने आपलं सामान उचललं. ठरल्या दिवशी मंडळी नारळ, कलश घेऊन आली, दार उघडलं आणि म्हातारीने ओसरीवरच बसकण मारली. "ह्ये आपुन बघितल्यालं घरच न्हवं! बाज कुठाय? हंडा कुठाय? त्यो उजेड कुठाय?" पोरांनी समजूत घातली, की ते सामान आपलं नव्हतंच. म्हातारी ऐकेना. मग पोरांनाही घर पडकं, अंधारं दिसायला लागलं. आपल्याला फसवलं अशी भाषा सुरू झाली, गल्लीतले चार जण गोळा झाले, कुणीतरी ठकूआक्काला फोन लावला.

ती आली. भावांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ म्हातारीशेजारी ओसरीवर बसली.

"मावशी, लगीन हून नांदाया आला तवा पाठराखीन कोन व्हती तुमच्यासंगं?"

म्हातारी गोंधळली. "माझी आत्या."

"ऱ्हायली व्हती?"

"ऱ्हायली की. मला करमंपतुर ऱ्हायली. लई जीव व्हता तिचा."

"मग? ह्या घरालाबी तुमी नव्या अन् तुमाला ह्ये घर नवं. माझं सामान ऱ्हाऊ द्या पाठराखीन म्हनून. तुमचं जसं जसं येईल तसं तसं माझं न्हेते."

त्याच संध्याकाळी टेम्पो आला. हंडा हंड्याच्या जागी गेला, बाज बाजेच्या जागी. म्हातारी आत गेली, बाजेवर बसली आणि म्हणाली, "आता कसं!" पुढे त्यांची कॉट आली तेव्हा बाज निघाली, त्यांचा पिंप आला तेव्हा हंडा निघाला. सगळ्यात शेवटी कॅलेंडर निघालं. खिळा ठकूआक्काने तिथेच राहू दिला. तेव्हापासून तिने विकलेल्या प्रत्येक घरात ही पाठराखीण राहायला लागली. नव्या नवरीबरोबर जशी माहेरची बाई चार दिवस जाते, तसं तिचं सामान जायचं आणि घर रुळलं की परत यायचं.

इतक्यांची घरं मांडणारी ही बाई स्वतः मात्र भाड्याच्या एका खोलीत राहत होती. पोरं चाकणला कंपनीत लागली होती. नवरा, धोंडिबा, अजून मेंढरांमागे जायचा. त्याचे गुडघे गेले होते. त्या वर्षी दिवाळीनंतर तो घाट उतरला तेव्हाच ठरलं होतं की ही शेवटची खेप, पावसाआधी परत आला की मेंढरं विकायची. आणि ठकूआक्काने त्याच दिवशी स्वतःशी एक ठरवून टाकलं. मला ती म्हणाली, "मास्तर, आमचं मालक जलमभर दुसऱ्याच्या रानात निजलं. ह्या डावाला परत येत्याल तवा भाड्याच्या खोलीत न्हाई घ्यायचं. त्येंच्या सोताच्या दारातनं आत घ्यायचं."

घरही तिने हेरून ठेवलं होतं. मांडवी नदीच्या अंगाला दोन खोल्यांचं, पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब. मालक पुण्याला इंजिनिअर. त्याच्या आत्याचं घर त्याला आलेलं. नशीब असं, की ते विकायचं काम त्याने हिलाच दिलं. हिने त्याला सरळ सांगितलं, घर मलाच पाहिजे, मेंढरं विकेपर्यंत थांबा. माणूस वाईट नव्हता. पण त्याची अडचण होती, तो थांबू शकत नव्हता. "तोपर्यंत कुणी आलं नाही तर तुमचंच," तो म्हणाला, "पण कुणी आलं तर मला द्यावं लागेल. दाखवायचं काम तुम्हीच करा."

आम्ही ते घर उघडलं त्या दिवशी मी बरोबर होतो. आत काळोख, वटवाघळांचा वास, जाळी. असंच ठेवलं असतं तर पाऊस येईपर्यंत उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नसतं. महादू टेम्पोशीच उभा राहिला.

"आक्के, ह्या डावाला सामान नको उतरवाया. हाय तसं ऱ्हाऊ दे. आंधारात कोन घेतंय?"

खरं सांगतो, माझ्याही मनात तेच होतं. ठकूआक्का पिशवीत खिळा शोधत होती. तिने मान वर केली.

"त्या मानसानं मला घर इकाया दिलंय महादू."

"त्येला काय कळतंय?"

"आमच्या मालकाला कळंल. ते इचारतील, कसं गावलं घर? काय सांगू? आंधारात दडवून ठिवलं व्हतं?" आणि तिने बत्ता उचलला. "उतरव. बाज आधी."

तिने ते घर जसं मांडलं तसं दुसरं कुठलंच मांडलं नसेल. जाळी काढली, खिडक्या पुसल्या, ओसरी सारवली. कडुनिंबाखाली पाण्याची कळशी ठेवली. मला तिचा भयंकर राग आला होता. हातातोंडाशी आलेला घास ही बाई स्वतःच्या हाताने सजवून दुसऱ्याच्या ताटात वाढत होती.

पहिलंच जोडपं आलं ते प्राथमिक शिक्षकांचं. बरोबर लहान मुलगी. ठकूआक्काने त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला, मागच्या भिंतीला ओल येते तीही दाखवली. तोवर ती पोरगी काळ्या घोंगडीवर आडवी झाली आणि पाहता पाहता झोपून गेली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. घर गेलं हे मला कळलं. ठकूआक्कालाही कळलं. ती दुसऱ्यांदा चहा गाळत होती, एक थेंब बाहेर सांडला नाही. मला तिथे बघवेना, मी कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो.

रिवाजाप्रमाणे तिची पाठराखीण त्या घरातही राहिली. शेवटची घोंगडी आणायला ती गेली तेव्हा मी सोबत होतो. पोरगी घोंगडी सोडेना. ठकूआक्का तिच्यापुढे उकिडवी बसली. "ही न्हाई देत बाळे, ही माज्या आयची हाय. तुला दुसरी आनते." पुढच्या बाजारला तिने खरोखरच नवी घोंगडी नेऊन दिली. निघताना तिने फाटकातून एकदा कडुनिंबाकडे बघितलं. "दुसरं बघू," असं म्हणाली आणि टेम्पोत बसून महादूला डिझेल किती उरलंय ते विचारू लागली.

त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस माझं ओतूर सुटलं, मी मुलीकडे पुण्याला राहायला आलो. ठकूआक्का मला शेवटची दिसली ती निघायच्या आधीच्या आठवड्यात. आभाळ भरून येऊ लागलं होतं. फोन आला. "मास्तर, घर बघाया या." गावाच्या टोकाला, कांद्याच्या चाळींच्या पलीकडे बोलावलं होतं. मी स्कूटर घेऊन गेलो.

तिथे घर नव्हतं. मुरमाची मोकळी जागा, बाजूला दगडांचा ढीग आणि जमिनीवर पायासाठी चुन्याने आखलेल्या रेघा. त्या रेघांच्या आत बाज मांडलेली होती. हंडा होता. पत्र्याच्या आडोशाला शेगडीवर चहा उकळत होता. तुळस होती. कोपऱ्यात एक बांबू रोवला होता, त्याला खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं होतं, महिना चालू. बाजेवर लाल पागोटं घातलेला एक उंच म्हातारा पाय लांब करून गुडघे चोळत बसला होता. धोंडिबांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"घराला पैसं पुरलं न्हाईत," ठकूआक्का तिथूनच ओरडली, "जागेला पुरलं. भित्ती येत्याल दिवाळीपतुर. झोपाया खोलीवर जातो, पर मालकाला आधी हितं आनलं. दारातनं!"

चुन्याच्या रेघेत एका जागी मोकळी फट सोडलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक धोंडा. बाहेर ओवाळून टाकलेला भाकरतुकडा पडला होता आणि त्यावर कावळे जमले होते. धनगरी कुत्रं फटीशी अंग टाकून पडलं होतं.

मी स्कूटर लावली आणि तडक तिच्याकडे चालत निघालो.

"अवो मास्तर!" ती कडाडली. "शिकल्यालं मानूस तुमी, भित्तीतनं कुठं घुसताय? दार तिकडं हाय!"

माझा एक पाय रेघेच्या पलीकडे पडला होता. तो मी मागे घेतला. वळसा घालून दोन धोंड्यांपाशी गेलो, चपला बाहेर काढल्या आणि दारातून आत शिरलो. कुत्र्याने वास घेतला आणि वाट दिली.

"बसा," ठकूआक्का म्हणाली.

धोंडिबांनी पाय आखडून बाजेवर मला जागा करून दिली.